आत्याच्या नावाची म्हैस

मी माझ्या सख्ख्या आत्याला काठीने मारलं, आणि ते आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर घरातल्या सगळ्यांनी, आत्यासकट, पाहिलं.

सुमनआत्या काटोलची. दोन वर्षं ती आमच्याशी बोलत नव्हती, कारण आमच्या वास्तुपूजनाच्या पत्रिकेत तिचं नाव राहून गेलं होतं. पत्रिका मी टाइप केली होती. (माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. सगळं लक्ष काना-मात्रेकडे होतं, माणसं तपासायची राहिली.) बाबा चार वेळा काटोलला जाऊन आले. आत्या चहा द्यायची आणि भिंतीकडे बघायची. शेवटी तिच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती स्वतः आमंत्रण द्यायला येणार असं कळलं, तेव्हा बाबांनी एका दिवसात तीनदा सोफा हलवला! मला म्हणाले, नमस्कार कर आणि कमी बोल. मी एरवीही कमीच बोलते. एवढं मला जमण्यासारखं होतं.

आता माझ्या गुन्ह्याकडे येते. माझ्या कॉम्प्युटरवर शेतीचा एक गेम आहे. जनावरं पाळायची, चारा घालायचा, दूध काढायचं. प्रत्येकाला नाव द्यावं लागतं. मला नावं सुचत नाहीत, म्हणून मी नातेवाइकांची दिली. कोण बघणार होतं?

तीन आठवडे हा गेम सुरू होताक्षणी बंद पडत होता. इंटरनेटवरचे जाणकार सांगत होते, गेम उघडण्याआधीच्या सेटिंगमध्ये अमुक ओळ लिहा. लिहिली. छोट्या चौकटीत उघडून पाहिला, बंद पडला. आवाजाशिवाय उघडून पाहिला, तर आवाज न करता बंद पडला.

आत्या आली ती मामाजींना, म्हणजे तिच्या यजमानांना, आणि साखरपुड्याच्या फोटोंचा पेनड्राइव्ह घेऊन. माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरपासून हॉलमधल्या टीव्हीपर्यंत, भिंतीला भोक पाडून, एक लांब वायर गेली आहे (बाबांची करामत, क्रिकेटसाठी). मी फोटो टीव्हीवर एकामागून एक लावून दिले. नमस्कार केला, कमी बोलले, खोलीत येऊन दार लावलं, हेडफोन घातले. कर्तव्य संपलं होतं. म्हटलं, तेवढ्यात एक सेटिंग पाहू.

कोणा अनोळखी माणसाने एक लांबलचक ओळ दिली होती आणि खाली लिहिलं होतं, माझं याने काम झालं. मी ती न वाचता जशीच्या तशी टाकली. इतर बऱ्याच गोष्टींबरोबर तिच्यात एक सूचना होती: गेम दुसऱ्या पडद्यावर उघडावा.

माझ्या पडद्यावर काहीच आलं नाही. मला वाटलं, पुन्हा बंद पडला. रागाने मी स्पेसबार दाबत सुटले. त्या गेममध्ये स्पेसबार म्हणजे काठी.

हॉलमध्ये नवरदेवाच्या बोटात अंगठी जाता जाता गोठा आला. गोठ्यात एक वेणीवाली मुलगी, डोक्यावर माझं नाव. तिच्यापुढे म्हैस, डोक्यावर 'सुमनआत्या'. (यावेळी काना-मात्रा सगळं बरोबर होतं.) मुलीने म्हशीला काठी मारली. मग पुन्हा मारली. मग मारतच राहिली! आईने नंतर सांगितलं की मामाजींनी तेवढी चिवड्याची प्लेट खाली ठेवली.

बाबांनी येऊन माझे हेडफोन काढले. रागावले नाहीत. "चल," एवढंच म्हणाले, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

आत्या टीव्हीकडेच बघत होती. "काहून वं, हे म्हैस म्हणजे मीच होय ना?"

"हो," मी म्हणाले. कमी बोलायचं होतं.

"मंग मारून काहून राहिली होती?"

"ती... चालत नव्हती."

(हे वाक्य आजही आंघोळ करताना आठवतं आणि मी साबणाशिवाय डोळे मिटते.)

बाबा सोफ्याच्या हातावर बसले. दोन वर्षांची मेहनत त्यांच्या चेहऱ्यावरून ओघळताना मला दिसत होती. तेवढ्यात मामाजींनी, ज्यांच्या स्वतःच्या दोन म्हशी आहेत, शांतपणे विचारलं, "दूध किती देते ते?"

"अठरा लिटर. गोठ्यात सगळ्यांत जास्त."

आत्या सावकाश बाबांकडे वळली. "पाह्य गा सुधाकर. तुह्या पत्रिकेत मले जागा नाही, अन् पोरीच्या गोठ्यात माहा पहिला नंबर."

आणि ती हसली. पदर तोंडाला लावून, खुर्चीसकट हलत हसली. बाबांनी डोळे पुसले ते चिवड्याच्या हाताने, त्यामुळे पुढची दहा मिनिटं त्यांचं रडणं खरं किती आणि तिखटाचं किती हे कळलं नाही.

इथे संपायला हवं होतं. पण आई चहा घेऊन आली आणि तिला कोपऱ्यातली कोंबडी दिसली. कोंबडीच्या डोक्यावर 'आई' लिहिलं होतं. त्याखाली गेमने आपण होऊन लिहिलं होतं: अंडी शून्य. आईने ट्रे ठेवला आणि ती स्वयंपाकघरात परत गेली.

मी टीव्ही बंद करायला उठले, तर आत्या म्हणाली, "बस वं. तिले आधी चारा घाल, उपाशी दिसून राहिली." कीबोर्ड बिनवायरचा होता, त्यामुळे तोही बहाणा उरला नव्हता. सगळ्यांच्या मध्ये बसून, आत्याच्या देखरेखीखाली, मी तिच्या नावाच्या म्हशीला चारा घातला, पाणी पाजलं, आंघोळ घातली. "पाठ नीट घास," आत्या सांगत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून हात जोडले की देवा, हा गेम बंद पडू दे.

पाऊण तास चालला. ती शेवटची सेटिंग अगदी बरोबर होती.