प्रसादाचं खोबरं

टाकव्याच्या शालूबाईच्या तोंडाला लागू नये, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. दोन वर्षांत नवऱ्यापायी ती इतक्यांशी भांडली होती, की तिचं साधं बोलणंही भांडण वाटे. नथूभाऊंची दारू तिनं सोडवली, पण तोवर लिव्हर पार खराब झालेलं. अन्ननळीतल्या शिरा फुगल्या, एक फुटली आणि मोरीत रक्ताची उलटी झाली. तेव्हापासून दुर्बीण घालून त्या शिरांना रबरी कड्या बसवणं चाललं होतं. तिसरी खेप राहिली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "उशीर नको. पुन्हा फुटली तर इथवर पोचणार नाहीत."

दवाखान्यात उपाशीपोटी जावं लागे. मागल्या तारखेला शालूबाईची पाठ वळताच भाऊंनी वडगावच्या स्टँडवर वडापाव हाणला आणि हेलपाटा फुकट गेला. म्हणून या वेळी तिनं सकाळी चहासुद्धा ठेवला नाही. निघताना सासू, चिमाबाई, दहीसाखरेची वाटी घेऊन उंबऱ्यात आली.

"चमचाभर दे गं. तसाच धाडू नगं त्याला."

"आत्याबाई, सोताच्या पोराला मारायचंय का तुमाला? ठिवा ती वाटी!"

म्हातारी वाटी घेऊन आत गेली. वेशीवर भैरोबापुढं शालूबाईनं नारळ फोडला. "येवडी खेप पार पाड," म्हणाली, पहिला तुकडा भाऊंच्या हातावर ठेवला, दुसरा आपल्या तोंडात टाकला.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "काही खाल्लंय?"

"पानीबी न्हाई," शालूबाई ठसक्यात म्हणाली.

"खोबरं तेवडं," भाऊ म्हणाले. "देवाचं."

नर्सनं पेन खाली ठेवलं. डॉक्टर तीन आठवड्यांतून एकदाच येत आणि दुपारी परत जात. आता पुढची तारीख.

"परसाद म्हंजी खानं व्हय?" शालूबाई कडाडली. मग भाऊंवर घसरली, "आनि तुमी! दिसंल ते तोंडात घालायचं. दिलं कुनी तुमाला?"

भाऊ तिच्याकडं बघत राहिले. शालूबाई बाकावर बसली. स्वतःचा जेवढा संताप आला, तेवढा तिला दारूच्या बाटलीचाही कधी आला नव्हता.

घरी पोचल्यावर चिमाबाईनं विचारलं, "झालं का गं?"

"न्हाई. म्याच घास घातला, आत्याबाई. देवळात."

सुनेला टोमणा मारायची अशी संधी म्हातारीला पुन्हा मिळाली नसती. पण ती एवढंच म्हणाली, "पुडच्या खेपंला देवळात मी जाईन. तू सरळ गाडीत बस."

"आनि तवर फुटली तर?"