जीवनच्या गालावरचे सल्ले

जीवन माझ्या लक्षात आला तो पुस्तकामुळे. मोताळ्याच्या शाळेत नववीला मी मराठी शिकवत होते. धडा वाचायला उभं केलं की मुलं पुस्तक छातीशी धरतात. हा असं धरायचा की वर केस आणि खाली शर्टाची बटणं, एवढंच दिसे. आवाज मात्र मागच्या भिंतीपर्यंत पोचणारा, एकही शब्द न गाळणारा. "पुस्तक खाली घे," मी म्हणाले. त्याने घेतलं आणि आवाजच बंद झाला. दोन्ही गाल मुरुमांनी भरले होते. मी म्हटलं, "बरं, धर वर." वाचन पुन्हा सुरू झालं.

मुरुमं पुढे कमी झाली, पण खड्डे राहिले. जीवन चोविशीत आला, आई मंजुळाबाईसोबत आठवडी बाजारात घरच्या मळ्यातली भाजी विकू लागला, तेव्हा नाकापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा बांधूनच बसायचा. मी निवृत्त झाले होते आणि भाजी त्याच्याकडेच घेत होते.

हा मुलगा कुणाचाही सल्ला नाकारत नाही, आणि तिथेच माझा जीव मेटाकुटीला येतो. कोणी म्हणालं मसुराची डाळ लाव, लावली. कोणी म्हणालं टूथपेस्ट, तीही लावली. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, ती वर्षभर चोळली. मी रागावले तर म्हणे, "त्यायनं मायेनं सांगतलं बाई. नाही कसं म्हणू?"

"मी पण मायेनंच सांगते आहे ना? मग माझंच तेवढं का ऐकत नाहीस?"

"तुमचं बी ऐकतो ना बाई. नंबर लागू द्या."

मागच्या फाल्गुनात गोष्ट गंभीर झाली. भाजीच्या अडतीवर रोज सकाळी हर्रास, म्हणजे लिलाव होतो. वीस वर्षं तिथे बोली पुकारणाऱ्या रामरावांचा घसा बसला. अडत्या उत्तमरावांना जीवनचा आवाज ठाऊक होता. ते भर बाजारात त्याच्या दुकानापुढे उभे राहिले.

"हर्रास बोलशील का बे?"

जीवनने दुपट्टा नाकावर आणखी वर ओढला. पण डोळे असे चमकले की मला नववीचा वर्ग आठवला.

"पण तोंड बांधून नाही जमत," उत्तमराव म्हणाले. "गिऱ्हाइकाले वाटंल, चोर उभा केला. दिवाळीपर्यंत वाट पायतो. मंग दुसरा पायतो."

जीवनने ठरवलं की आधी चेहरा नीट करायचा, मग उभं राहायचं. मी बुलढाण्याच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंचं नाव दिलं. त्यांनी माझ्या पुतणीला बरं केलं होतं आणि त्यांच्या पाटीवर त्वचारोगाच्या शिक्षणाची पदवी स्पष्ट लिहिलेली आहे. "आत्ताच जा," मी म्हटलं. पण मळेवाल्यांचं एक वेळापत्रक असतं. वैशाखात विहिरीचं पाणी तळाला जातं, वाफे रिकामे होतात, तेव्हाच लग्नं, तेव्हाच दवाखाने. माझा नंबर लागेपर्यंत वैशाख उजाडला.

डॉक्टरांनी भिंगातून गाल पाहिले, ट्यूब बंद केली आणि सांगितलं, लेझर करू, पण आता नाही. आधी नव्या पुटकुळ्या थांबवायच्या. शिवाय तुम्ही उन्हात काम करणार, लेझरनंतर ऊन लागलं तर काळे डाग पडतील. दिवाळीनंतर सुरुवात करू.

मायलेक परत आले ते तोंड पाडून.

"सुई बी नाही टोचली तिनं," मंजुळाबाई म्हणाल्या. "नुसतं पायलं अन् परत धाडलं. हे काय डॉक्टर झाली?"

"अहो, नको तेव्हा थांबवते म्हणूनच ती डॉक्टर आहे."

"दिवाळीनंतर उत्तमराव थोडीच थांबते, बाई," जीवन म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

पंधरा दिवसांनी कळलं की हा दुसऱ्या तालुक्याच्या गावात जाऊन आला. तिथे एका लॉजच्या हॉलात महिन्यातून दोनदा चेहऱ्याचा कॅम्प भरे. लेझर त्याच दिवशी.

"कोण डॉक्टर होता?" मी विचारलं.

"पांढरा कोट होता."

"पदवी काय होती?"

"तसं नाही पायलं. पण बाई, लाइन जिन्यापर्यंत होती. आपण बाजारात पायतो ना, जिथं गर्दी तिथं माल ताजा."

मी डोक्याला हात लावला. लेझरच्या तिसऱ्या दिवशी हा चुलत्याचा कांदा भरायला भर दुपारी शेतात गेला. आठवड्यात गालांवर काळे चौकोन उमटले, जाळीवर भाजलेल्या पापडासारखे. कॅम्पवाल्याचा फोन लागेना. जीवनने बाजारात बसणंच सोडलं.

ज्येष्ठात मी त्याला जवळजवळ ओढतच एसटीत बसवलं. बुलढाण्याच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहताना शेजारच्या बाईंनी त्याला कोरफडीचा उपाय सांगितला. हा मान हलवून विचारतो, "रोज लावाची का एकाआड?" मी त्याच्या पायावर पाय दिला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "आजवर काय काय लावलं?" त्यांनी विचारलं. जीवनने प्रामाणिकपणे सांगायला सुरुवात केली. डाळ, टूथपेस्ट, ट्यूब, लिंबू, चंदन, बैलाच्या खांद्याला लावतात ते मलम. तिथे डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी सावकाश सांगितलं. डाग फिके पडतील, सहा महिने जातील. औषध नेमाने घ्यायचं, उन्हात जायचं नाही, जावंच लागलं तर टोपी आणि उन्हाचं मलम. आणि हा दुपट्टा चेहऱ्यावर बांधायचा नाही. आत घाम मुरतो, कापड घासतं, पुटकुळ्या त्यानेच वाढतात. "सावलीतलं काही काम नाही का तुम्हाला?"

जीवन दुपट्ट्याची घडी घालू लागला.

"आहे," मी म्हणाले. "भाजीचा हर्रास. टिनाच्या शेडात, सकाळी साडेसहा ते नऊ."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहाडी केली.

परतीच्या एसटीत तो चेहरा खिडकीकडे वळवून बसला. मोताळ्याला उतरताना म्हणाला, "चेहरा पयलेपेक्षा खराब हाय बाई. असा कसा उभा राहू?"

"दुपट्टा तर सुटलाच आहे. उन्हात बसायची सोय नाही. दिवाळीला दुसरा माणूस येईल. आता तूच सांग, घरात बसून काय करणार आहेस?"

दोन दिवसांनी सकाळी मी अडतीवर गेले. भाजी घरात होती, तरी गेले. जीवन शेडात उभा होता, चेहरा उघडा. हर्रास बोलणाऱ्याला माल उचलून दाखवावा लागतो. त्याने मेथीची जुडी उचलली आणि थेट नाकासमोर धरली. वर केस, खाली बटणं. मला हसू आवरेना.

"मेथी बोला, मेथी," आवाज शेडभर गेला. व्यापारी मेथीकडे पाहत होते, देठ, पानं, ओलावा.

"जुडी खाली घे बे," मागून एकजण ओरडला. "बुडखे दिसू दे."

जीवनने जुडी खाली घेतली. तो म्हणाला, "बुडखे पाय, अन् बोल. मांगं चूप उभं राहून मेथी नाही भेटत." लोक हसले. बोली सुरू झाली. उत्तमराव वहीतून मान वर न करता म्हणाले, "उद्या सव्वासहालेच ये."

औषधं त्याने बहुतेक नेमाने घेतली. बहुतेक म्हणते, कारण मध्ये एकदा कोरफड लावलीच. डाग फिके पडल्यावर दिवाळीनंतर डॉक्टरांनी लेझर सुरू केलं, हिवाळ्यात तीन वेळा. खड्डे उथळ झाले आहेत. कानशिलाजवळचे दोन खोल आहेत, ते पूर्ण जाणार नाहीत हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मंजुळाबाई अजून म्हणतात की त्या कॅम्पवाल्याच्या लेझरचाच गुण उशिरा आला. मी आता त्यांच्याशी वाद घालत नाही.

जीवन रोज सकाळी हर्रास बोलतो आणि दुपारी ऊन उतरेपर्यंत घरी झोपतो.