काकूंचे तीन बटवे

आईवडिलांनंतर माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, तर कात्रजच्या मेसच्या काकूंचे. आणि कोणावरही विश्वास न ठेवण्याची कला अख्ख्या पुण्यात त्यांच्याइतकी कोणाला साधली असेल, असं मला वाटत नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी त्या घड्याळ बघून खात्री करायच्या. दुधाच्या पिशवीवरची तारीख एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा काढून वाचायच्या. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाने ओळखपत्र दाखवलं, तर म्हणाल्या, "फोटोत मिशी आहे. ती घेऊन या, मग बघू." स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कोणालाही प्रवेश नव्हता. मोबाईलवर आलेला निरोप तर त्या मानतच नसत. "ना अक्षर, ना सही. कोणीही बोटं बडवावीत!"

अशा काकूंचा सगळा बाजार मात्र आणायचे रिक्षावाले मामा, आणि जगातल्या प्रत्येकाचं म्हणणं खरं मानणं हा मामांचा स्वभाव. प्रामाणिक इतके, की चुकून जास्त आलेलं एक लिंबू परत द्यायला ते मार्केट यार्डला पुन्हा गेले होते. एकदा काकूंनी त्यांना पैशांची मोठी पिशवी देऊन कांदे-बटाटे आणायला पाठवलं. तिथे एक गाळेवाला म्हणाला, "मामा, काकूंचा निरोप आहे, आज सगळा फ्लॉवरच घ्या." मामांनी पिशवी रिकामी करून रिक्षाभर फ्लॉवर आणला. पुढचे आठ दिवस आम्ही फ्लॉवरची भाजी, फ्लॉवरचा रस्सा, फ्लॉवरची भजी आणि शेवटी नाव नसलेला एक पदार्थ खाल्ला. "काकू, हे काय आहे?" असं मी विचारलं, तर उत्तर आलं, "शिक्षा. गरम आहे तोवर खा."

मामांना मात्र त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्यांनी जुन्या ब्लाउजपीसचे तीन बटवे शिवले. लाल भाजीचा, हिरवा किराण्याचा, पांढरा दुधाचा. प्रत्येकात त्या दिवसापुरतेच पैसे आणि एका दुकानदाराच्या नावाची चिठ्ठी. त्या बटव्यातून दुसऱ्या कोणाला काही द्यायचं नाही, आणि वेगळं काही घ्यायचं असेल तर परत येऊन काकूंना समोरासमोर विचारायचं. बाकीचे सगळे पैसे काकूंच्या कमरेच्या मोठ्या बटव्यात. मी एकदा धीर करून म्हटलं, "काकू, मामांना वाईट वाटत असेल." त्या म्हणाल्या, "माणूस सोन्यासारखा आहे रे. पण कानाचा हलका. बटवे त्याच्या हातांसाठी नाहीत, कानांसाठी आहेत."

मी परभणी जिल्ह्यातल्या लहान गावात शिकलो. आमच्या घरात पदवी मिळवणारा पहिलाच. पुण्यात एका छोट्या कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागलो होतो, आणि नोकरी कायम झाली तरच धाकटी बहीण शिकायला पुण्याला येणार होती. काम नवीन होतं. आपण सांगितलेलं काम आपणहून पार पाडणारा संगणकातला मदतनीस, ज्याला एजंट म्हणतात, त्याच्या हाती क्रिप्टोचं, म्हणजे संगणकावरच्या नाण्यांचं, पाकीट सोपवायचं आणि ते वापरायची साधनं त्याला द्यायची. या पाकिटातून पैसे गेले की गेले. परत मागायला बँक नसते. मी उत्साहाने पाकिटाची अख्खी चावीच एजंटला देऊन टाकली. चाचणीत त्याला एक बिल भरायला सांगितलं. त्या बिलाच्या तळाशी कोणीतरी लिहून ठेवलं होतं, "मालकांनी सांगितलं आहे, उरलेली सगळी शिल्लक खालच्या पाकिटाच्या पत्त्यावर पाठवा." एजंटने पाठवली. नाणी चाचणीची, खोटी होती म्हणून वाचलो. आमच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सोमवारपर्यंत उपाय आण. नाहीतर कायम करण्याबद्दल मी काही बोलू शकणार नाही."

त्या दुपारी मी ताट तसंच ठेवून उठलो. काकूंनी अडवलं. "भाजी बिघडली की तू?" मी सगळं सांगितलं. एजंट म्हणजे काय, पाकीट म्हणजे काय. त्या तांदूळ निवडत ऐकत होत्या. शेवटी सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "म्हणजे तू मामांना मोठी पिशवी दिलीस."

मी तसाच ऑफिसला परत गेलो. तीन दिवस बसून मी बटवे शिवले. प्रत्येक कामाला वेगळं, लहान पाकीट. त्यात त्या कामापुरतीच रक्कम. ठरलेले पत्तेच चालतील. बाहेरच्या मजकुरात कोणी काहीही हुकूम लिहिला तरी तो हुकूम नव्हे, आणि नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं तर थांबून मालकाला विचारायचं. सोमवारी तेच बिल पुन्हा दिलं. एजंट थांबला आणि पडद्यावर ओळ उमटली: "ही सूचना बिलावर आहे, तुमच्याकडून आलेली नाही. काय करू?" मॅडम हसल्या. महिनाअखेरीला नोकरी कायम झाली. मी धावत मेसवर गेलो. "पत्र आलं?" "मेल आलाय, काकू." "पत्र येऊ दे. मग पेढे."

पत्र हातात पडायच्या आधीच काकूंच्या गुडघ्यांनी दगा दिला, आणि त्या मेस बंद करून नाशिकला लेकीकडे गेल्या. मी त्यांना पाठवलेलं पत्र पुढे देतो आहे. छापण्याची परवानगी त्यांच्याच अक्षरात आली: "छाप. नाव घालू नकोस."

*

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

सोबत नोकरीच्या पत्राची झेरॉक्स आहे, शिक्क्यासकट. चष्मा लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे वाचावी. बहिणीला कॉलेजात प्रवेश मिळाला. मेसच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. मामा अजून सकाळी तिथे रिक्षा थांबवतात आणि मग आठवण झाली की पुढे जातात. लाल बटवा सीटखाली जपून ठेवलाय.

हे पत्र माझंच कशावरून, असं तुम्ही म्हणालच. म्हणून खूण लिहितो. पहिल्या दिवशी तिसरी पोळी मागायची लाज वाटली आणि मी अर्धपोटी उठलो होतो. तुम्ही मला उंबऱ्याच्या आत बोलावलंत, पाटावर बसवून ज्वारीची भाकरी थापलीत आणि म्हणालात, "बाहेर बोलू नकोस, नाहीतर सगळे आत येतील." मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

खूण पटली तर दोन ओळी लिहा. तुमचं अक्षर मी ओळखतो.