घोडीचा श्वास

आमच्या अंगणात एक पांढरी घोडी होती. सिंदेवाहीच्या आसपास कुठे वरात निघायची असली की नवरदेवासाठी तिलाच बोलावणं यायचं. आमचं घर तसं तलावातल्या मासळीवर जगणारं. घोडी पाळणारे बाबाच पहिले. ज्या म्हाताऱ्याकडून त्यांनी ती घेतली, त्यानं दोर हातात देताना सांगितलं होतं, "लोकं दवापाण्यासाठी येतीन गा. नाई म्हणजो नोको."

लोक खरंच यायचे. चामखीळ झाली की घोडीच्या शेपटीचा केस मागून न्यायचे आणि चामखिळीच्या मुळाशी घट्ट बांधायचे. ती वाळून गळून पडते म्हणत. डांग्या खोकल्यानं निळी पडलेली पोरं आया घेऊन यायच्या आणि घोडीच्या पोटाखालून या बाजूनं त्या बाजूला द्यायच्या. तेवढा वेळ घोडी एक पायही हलवत नसे. त्या संध्याकाळी मात्र ती स्वतः खोकायची. आई म्हणायची, नाकात धूळ गेली असेल. बाबा गुळात ओवा आणि हिंग कालवून तिच्या तोंडापुढे धरत.

मीही तसं एक औषधच होते. मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीतली चमक जाते, अशी आमच्याकडे समजूत. कॉलेजला निघावं तर दारात कुणीतरी कमरेत वाकून उभं असायचं. "लाव व बाई पाय." मी चप्पल काढून तळवा लावायची, ते माणूस सरळ होऊन चालायला लागायचं. मला त्यात काही वाटत नसे. घोडीचा पाय मुरगळला तर आई मोहफुलांचा गरम लेप बांधायची आणि मग मला हाक मारायची. घोडी तो लेप मान वळवून चाटून टाकायची. मोहाचा तिला इतका नाद की फुलं वाळत घातली की तिला परसात नेऊन बांधावं लागे.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, जंगलाकडच्या गावातून एक माणूस बायकोला मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. बाई तिशीची असेल. उतरली आणि जिथं उतरली तिथंच उभी राहिली, उन्हात.

"मोह वेचाले गेल्या होत्या दोघी," नवरा बाबांना सांगू लागला. "माही बहीण न ही. बहिणीले वाघानं नेलं, हिच्या डोळ्यापुढं. ही घरी आली चालत, टोपली डोक्यावर घेऊन. एक फूल सांडलं नव्हतं भाऊ. तवापासून तोंडातून शब्द नाई."

दवाखान्यात तपासून झालं होतं. गळ्यात काही दोष नव्हता. धसका बसलाय, गोळ्या घ्या, वेळ लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गावातल्यांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी तिला मिरच्यांची धुरी दिली. मग विळा तापवून मानेवर डाग दिला. पदर सरकला तेव्हा तो मी पाहिला, अजून ओला होता.

"घोडीचा श्वास अंगात घेतला तं अडकलेली वाचा सुटते म्हणतेत," नवरा म्हणाला.

बाबांनी हा उपाय कधी ऐकला नव्हता. "गोळ्या बंद करू नोका," एवढं ते म्हणाले आणि घोडीला कडुनिंबाखाली घेऊन आले.

घोडी एरवी कुणाही नव्या माणसाच्या खिशात तोंड खुपसायची. या बाईसमोर ती थांबली. मग हळूच नाक तिच्या तोंडाजवळ नेलं. बाईनं तोंड उघडलं. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. घोडी श्वास सोडायची तेव्हा बाई आत घ्यायची, आणि बाई सोडायची तेव्हा घोडी आत घ्यायची. दोघींच्या बरगड्या आळीपाळीनं वर येताना मला दिसत होत्या. झाडावरचे कावळे गप्प होते. शेजारच्या घरी चालू असलेला टीव्हीही मला ऐकू येईनासा झाला.

मग घोडीच्या मानेपासून शेपटीपर्यंत कातडी थरथरत गेली. अंगावर एक माशी नव्हती. तिनं एवढा हिसका दिला की दोर तुटला, आणि ती परसाच्या भिंतीला जाऊन चिकटली.

"पाणी द्या," बाई म्हणाली.

नवरा मटकन खाली बसला. आईनं पाण्याचा गडवा आणला. बाई घटाघटा प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि नवऱ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही इथी काऊन बसले? बाई कुठी हाय? मोहाले जायाचं हाय ना आमाले?"

नणंदेला ती 'बाई' म्हणायची. तिला खरंच काही आठवत नव्हतं. नणंदेबरोबर घरातून निघाल्यानंतरचं सगळं पुसून गेलं होतं. नवऱ्यानं घरी नेऊन तिला सांगितलं, आणि दोन महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसासाठी ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

आमची घोडी त्या दुपारपासून मुकी झाली. बाबा घरी आले की मान वर करून तोंड उघडायची, पोट आत जायचं, पण आवाज यायचा नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून घसा पाहिला. म्हणाले, गळ्यात काही दोष नाही.

बाबा अंगणात उभे होते. ते माझ्याकडे बघत राहिले. हेच वाक्य आम्ही आधी ऐकलं होतं.

पावसाळ्यात तिचा पाय सुजला. आईनं नेहमीसारखे मोह शिजवले आणि वाडगं घेऊन जवळ गेली. वास नाकात गेला मात्र, घोडी दोन पायांवर उभी राहिली. डोळे पांढरे, अंगाला घाम. तिनं उभ्या उभ्या मुतलं. भिंतीला धडका देऊ लागली. आईच्या हातातलं वाडगं पडलं.

"तिले काय दिसून राह्यलं व माय?" आई पुटपुटत मागे सरली.

थकून घोडी खाली बसली तेव्हा बाबा मला म्हणाले, "गळ्याले पाय लावून पाह्य."

मी लावला. तळव्याखाली तिचा गळा हलत होता. गिळताना हलतो तसा नव्हे. कुणीतरी घाईघाईनं बोलावं, थांबावं, पुन्हा बोलावं, तसा. कानाला काहीही ऐकू येत नव्हतं. आणि मग ते बोलणं मधेच तुटलं, तोंडावर हात दाबल्यासारखं. मी पाय ओढून घेतला, तलावावर गेले आणि किती तरी वेळ पाय पाण्यात सोडून बसले. त्यानंतर मी कुणाच्याच पाठीला पाय लावला नाही. लोक रागावले, आईही रागावली. माझ्यानं होईना.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला जंगलात मोह फुलला. पहाटे वास गावापर्यंत येतो, आम्हाला तो फार आवडतो. घोडीनं खाणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून दिवसभर उभी. हाडं दिसू लागली. शेवटी बाबांनी ठरवलं, वरोऱ्याकडे त्यांच्या ओळखीचा एक वरातीचा घोडेवाला होता, त्याला ती द्यायची. तिकडे उघडी शेतं, मोहाचं रान नाही.

ती बाई अधूनमधून बाजाराच्या दिवशी घोडीसाठी चारा घेऊन येत असे. तिला कळलं. टेम्पो आला त्या सकाळी ती दारात हजर होती. घोडी फळीवर पाय ठेवेना. बाईनं बाबांच्या हातून दोर घेतला आणि स्वतः आधी वर चढली. घोडी तिच्या मागून गेली.

"मी बी येते संगं," ती वरून म्हणाली. "रान संपेपर्यंत."

पुढचं बाबांनी आम्हाला सांगितलं. ते ड्रायव्हरजवळ बसले होते, मागची खिडकी उघडी होती. मूल गाव मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना जंगल लागलं आणि बाई घोडीच्या कानाशी बोलू लागली. बाबांनी ड्रायव्हरला गाणी बंद करायला लावली.

"सगळं सांगून राह्यली होती," बाबा म्हणाले. "कोणत्या झाडाखाली होत्या, नणंद काय बोलून हासली, मागून पाला कसा वाजला. मंग नणंदेनं एकच हाक मारली, थे बी सांगतलं. आठवलं तिले. सगळंच आठवलं."

"रडली का?" आईनं विचारलं.

"नाई. घोडीच्या मानेले धरून होती."

चंद्रपूरच्या पुढे रान विरळ झालं तशी तिनं टेम्पो थांबवायला सांगितला. उतरली, टपरीवर चहा प्यायली, आणि समोरून आलेल्या एसटीत बसून परत गेली. घोडीकडे वळून पाहिलं नाही, असं बाबा म्हणाले. घोडी टेम्पोत बसून झोपली होती.

काही दिवसांनी वरोऱ्याहून फोन आला. घोडी खातेपिते, अंगानं भरली, वरातीत नीट चालते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, बरं झालं म्हणाले. आवाजाचं त्यांनी विचारलं नाही.