वाटेकरी

कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेला खलाशी फायलीची नाडी बांधत होता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं ट्रॉलरवर जाळं ओढताना यंत्राच्या दोरात सापडून तुटलेली. नाडीचं एक टोक त्याने दातांत धरलं आणि उरलेल्या दोन बोटांनी अशी गाठ मारली, की मला दोन्ही हातांनी तशी जमली नसती.

मी जमिनीच्या तारखेला आलो होतो, म्हणून त्याची सुनावणी कानावर पडली. मालकाचा वकील शांतपणे म्हणाला, हा कामगार नाहीच. पगार घेत नाही, मासळीत वाटा घेतो. वाटेकऱ्याला कसली भरपाई?

तेव्हापासून माझं डोकं तापलं आहे. मिळून दर्यात जायचं आणि मिळेल ते वाटून घ्यायचं, ही किनाऱ्यावरची जुनी रीत. माणसं धरून ठेवणारी ती रीत यांनी माणूस झटकून टाकायला वापरली. ट्रॉलर मालकाचा, जाळं मालकाचं, विमासुद्धा ट्रॉलरचाच.

"वारा उठला तेव्हा आम्ही परत फिरतो म्हणालो," खलाशी माझ्याकडे न बघता म्हणाला. "शेठ वायरलेसवर बोलला, जाळं भरल्याशिवाय बंदरात पाय ठेवू नका. वाटेकऱ्याशी असं बोलतात काय हो?"

मी काही बोलणार, इतक्यात मालक बाहेर आला. खलाशी फाइल छातीशी धरून चटकन उभा राहिला आणि मालक गाडीत बसेपर्यंत खाली बसला नाही.

आत मघाशी तो कामगार असल्याचा पुरावा मागत होते.