शाकिरचा कान आन् विंझरची गिरणी

आमचा शाकिर मिस्त्री म्हंजी माझ्या थोरल्या बहिणीचा पोरगा, मी त्याची खाला, मावशी. साठी उलटलीय, डोक्यावर केस मोजून सात, तरी मला तो पोरगाच. भोरात दुकान. काम एकच, मोटारीची, पंपाची, गिरणीची बेरिंगं बदलायची. बदलून झालं की मशीन चालू करायचा, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याला टेकवायचा, मूठ कानाशी धरायचा आन् डोळे मिटून ऐकायचा. बेरिंग खरखरतंय, का शिट्टी मारतंय, का गप सुखानं फिरतंय, समदं कळायचं त्याला. मग कान पुसून म्हणायचा, "बसा आता." तवर गिरणीत एकबी बाई दळणाचा डबा खाली ठेवायची न्हाई.

दोन हजार सहा साल असंल. त्याची बायको शाहिस्ता कुरकुर करायला लागली, हाका मारल्या तर ह्यांना ऐकू येत न्हाई म्हणून. म्या म्हणलं, बायकोची हाक कुठल्या नवऱ्याला ऐकू येती गं? पण मनात किडा वळवळला. कान गेला तर शाकिर खाणार काय?

त्याच महिन्यात विंझरच्या बनाबाईच्या गिरणीची मोटार शाकिरनं बेरिंग बदलायला उघडली. मीबी गेले संगं, मला यष्टीत खिडकीपाशी बसायची लई हौस. तिथं वेल्ह्याची अश्विनी आलेली. पुण्याच्या कॉलेजात संशोधन करायची. डबीभर काळं ग्रीस आणलं हुतं, ते बेरिंगात भरून बघायचं हुतं तिला.

शाकिरनं इचारलं, ह्यात नवं काय? तर पोरगी सांगायला बसली. बेरिंगातली गोळी आन् कडं एकमेकांला शिवतच न्हाईत म्हणं, मधी तेलाचा पडदा असतो. जिथं लई दाब, तिथं तो पडदा किती पातळ? एक केस उभा चिरून त्याचे दहा हजार पापुद्रे काढा, त्यातला एक. तेवढ्या चिंचोळ्या जागंत तेल वाहायचं इसरतं.

"तिथं ते थर धरून उभं राहतं, चाचा," अश्विनी म्हणाली. "रांगेत."

तिच्या ग्रीसात कांद्यासारखे पापुद्र्यांचे गोळे हुते, डोळ्याला न दिसणारे. ते त्या थरांत शिरून सरकत राहायचे. म्या म्हणलं, कांदा हाये तर भाजून घालू का? ती हसली. शाकिर न्हाई हसला. तो त्या उघड्या बेरिंगाकडं बघत हुता, भरल्या घरात डोकवावं तसा.

पट्टा न चढवता नुसती मोटार चालू केली. शाकिरनं मूठ कानाला लावली. तेवढ्यात लाईट गेली. एरवी मोटार कण्हत कण्हत थांबती. ही थांबंना. फिरतीच हाये, फिरतीच हाये, आन् आवाज म्हणाल तर दाणा पडल्याएवढाबी न्हाई. बाया डबे कवटाळून दाराकडं सरकल्या.

शाकिरचं तोंड पांढरंफट पडलं. "खाला, जरा तुमी ऐका," म्हणाला.

म्या मूठ कानाला लावली. लोखंडाचा आवाज नव्हताच तो. बंद खोलीत शंभर माणसं श्वास धरून उभी असावीत, आन् त्यातलं एखादं हळूच पाय बदलत असावं, तसं काहीतरी.

म्या शाकिरकडं बघितलं. वाटलं, ह्याला ऐकूच आलं न्हाई, म्हणून भ्यालाय. मला आलं म्हणाले तर ह्याचा कान गेला हे आत्ताच्या आत्ता चारचौघींत उघडं पडंल. म्हणून ठोकून दिलं, "काय बी न्हाई रं. गप हाये."

त्यानं मान हलवली, बायांना बसा म्हणाला आन् स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला.

त्यानंतर त्यानं मशीनला कान लावलाच न्हाई. दुकानाचं दार अर्धं ओढून आत बसायचा. लोकं दुसऱ्याकडं जाऊ लागली. शाहिस्तानं इचारलं, बनाबाईनं निरोप धाडले, तो दार आणखी ओढून घ्यायचा. दोन महिन्यांनी मीच दारात फतकल मारली. सांगितल्याशिवाय उठत न्हाई म्हणलं, आन् माझं वजन त्याला ठावं हाये.

"कान फसवतोय, खाला," तो म्हणाला. "त्या दिवशी मला आत माणसं उभी असल्यागत ऐकू आलं. तुमाला काय बी न्हाई आलं. असल्या कानावर इस्वास ठेवून मी बायांना कशाला बसवू?"

म्हंजी कान धड हुता, आन् माझ्या एका शब्दानं त्यानं तो मोडीत काढला हुता.

"मला बी तेच आलं हुतं," म्या म्हणलं. "एकजण पाय बदलत हुतं."

तो माझ्यापाशी येऊन बसला. मग म्हणाला, "डाव्या अंगाला?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी विंझरला गेलो. बनाबाईनं मोटार लावली, ती तशीच बिनआवाजी फिरू लागली. शाकिरनं लई वेळ कान लावला. बनाबाईला म्हणाला, बेरिंग चांगलं हाये, चालू द्या; आत काय हाये ते मला ठावं न्हाई, एवढं सांगून ठेवतो. तिसऱ्या दिवशी सारोळ्याच्या पंपावर कामाला गेला.

शाहिस्तानं खुशीनं मला जेवायला बोलावलं. वर पंखा आवाज न करता फिरत हुता, शाकिरनंच नवं बेरिंग घातलेला. म्या म्हणलं, बंद कर गं तेवढा. घामाचं काय, घाम मला सोसंल.