अकरा पहिलटकरणी

...नाही नाही, ते 'ॲनिमल' खोड बाई. डुकरं म्हटलं मी, डुकरंच लिही. स्वराली, तुझी निवेदिताताई डुकरांची डॉक्टर आहे अन् आपण तिचीच गोष्ट लिहून राहिलो, मग लाजायचं काहून?

तर कुठं होते मी? हां. निवेदिता सकाळी सहालाच इथून लंडनच्या स्टॅनमोरहून गाडी काढायची अन् दोन तास पार सफोकला जायची. युनिव्हर्सिटीचं काम. ज्या डुकरिणींची पिल्लं पोटातच मरतात, त्या पिल्लांत कोणता व्हायरस आहे ते शोधायचं. पण आपल्याच माणसांना ते किती झोंबावं! मागच्या वर्षी वेम्बलीच्या हॉलात आपल्या समाजाची जयंतीची मीटिंग होती. स्टेजवरून नावं पुकारणारे काशीनाथकाका चारचौघांत तिला म्हणाले, "शिकून शिकून शेवटी डुकरंच का गं? गावात आपल्याला त्याच नावानं हाका मारायचे. तीन पिढ्या लागल्या त्यातून निघायला. स्टेजवरून मी आपलं 'बायोलॉजिस्ट' म्हणतो, चालेल नं?"

"नाही चालणार काका," ती म्हणाली. "डुकरांची डॉक्टर म्हणा, नाहीतर नावच घेऊ नका."

काकांनी नाव घेतलं नाही. तिनं शेवटपर्यंत पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

आता सप्टेंबरचं ऐक. ग्रेग नावाच्या शेतकऱ्याकडे अकरा नव्या डुकरिणी होत्या, सगळ्या पहिलटकरणी. अकराहीजणींचं एकाच आठवड्यात बिनसलं. कुणाचं एखाद-दुसरं पिल्लू जगलं, कुणाचं तेही नाही. बाकीची काळी पडलेली, खारकेसारखी सुकलेली. ग्रेग म्हणाला, माद्याच खराब निघाल्या. गुरुवारी लॉरी येईल, कत्तलखान्यात जातील. त्यांच्या पाठीवर खुणेची निळी रेघ मारून मोकळा झाला गडी.

दुपारी तिचा मला फोन. "आजी, आज सत्तावीस मम्मी सापडल्या गं."

"सत्तावीस आया? कुठं सापडल्या? कुणी टाकल्या?"

तिकडं ही हसायला लागली. "अगं, आया नाही. पोटात सुकून गेलेल्या पिल्लाला इथं मम्मी म्हणतात."

"आग लागो यांच्या भाषेला! मेलेलं लेकरू मम्मी, तर मग खरी मम्मी कोण? ती कशी आहे?"

"ती ठणठणीत आहे. ताप नाही, खोकला नाही. पोटभर खाते."

"मग तिला काहून मारतात?"

"थांब आजी," म्हणून पोरीनं फोनच ठेवला.

तशीच उठली अन् गोठ्यात गेली. एकाच डुकरिणीची मेलेली पिल्लं ट्रेमध्ये ओळीनं मांडली, फूटपट्टी लावली. एक बोटाएवढं, एक चार बोटं, एक वीतभर. "बघ ग्रेग, सगळी एकदम नाही मेली. एकाला लागण झाली, मग त्याच्या शेजारच्याला, मग पुढच्याला. आईला काहीच होत नाही, तिला कळतही नाही. मला हा पार्व्होचा व्हायरस वाटतो. गुरुवारी रिझल्ट येईल, तोवर थांब. यांना लस दिली होतीस?"

ग्रेगचे कान लाल झाले. "नव्या आल्या होत्या. राहिली असेल."

"मग खराब कोण निघालं?"

"मॅडम, तुम्ही सॅम्पल घ्यायला आलात. सॅम्पल घ्या अन् निघा."

तिच्या साहेबांनीही फोनवर तेच सांगितलं. जनावरं त्याची, आपण मध्ये पडायचं नाही. हिनं "हो सर" म्हटलं. आपल्या घरातलं "हो" कसं असतं, तुला माहीत आहे.

गुरुवारी सकाळी लॉरी आली तर फाटकात हिची छोटी गाडी आडवी. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"गाडी काढा."

"नाही काढत."

"किती वेळ?"

"रिझल्ट येईपर्यंत." अन् डबा उघडून बसली. मीच दिला होता, भाकरी अन् मिरचीचा ठेचा. ड्रायव्हरलाही तुकडा दिला. बिचारा पाणी पाणी करत लॉरीभोवती फिरला.

ग्रेग धावत आला. "मी पोलीस बोलावतो!"

"बोलाव. त्यांनाही ट्रे दाखवते. अन् ग्रेग, माझी आजी विचारते, मम्मी ठणठणीत आहे तर तिला का मारतोस?"

ग्रेग दोन तास फाटकावर टेकून उभा राहिला. पोलीस काही बोलावले नाहीत. एकच्या सुमाराला तिचा मोबाइल वाजला. पार्व्होच. अकराच्या अकरा.

तिनं स्क्रीन त्याच्यासमोर धरली. "आता यांना तो होऊन गेला, पुन्हा होत नाही. त्या पक्क्या झाल्या, पुढच्या वेळी पिल्लं जगतील. तू कत्तलखान्यात पाठवतोयस त्याच तुझ्या सगळ्यांत भरवशाच्या माद्या. बाकीच्यांना आजच लस दे."

ग्रेगनं लस मागवायला फोन लावला. ड्रायव्हर म्हणाला, "मग मी जाऊ का?" रिकामी लॉरी परत गेली.

याचं तिला भोगावं लागलं, ते पण लिही. साहेबांचं कडक पत्र आलं, दोन महिने फार्मवर पाय ठेवायचा नाही. ती लॅबमध्ये बसून बाटल्यांवर नावं लिहायची. मी विचारलं, "पुन्हा अशी वेळ आली तर?" म्हणाली, "तर मोठी गाडी नेईन."

ग्रेगनं त्या अकराजणींना पुन्हा नराला दाखवलं. नऊ गाभण राहिल्या. दोघी नाही राहिल्या, खोटं काहून सांगू? तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, असं मोजतात म्हणे तिकडं. अन् परवा फोटो आला. ही आडवी पडलेली पहिलटकरीण, आता कसली पहिलटकरीण म्हणा, अन् पोटाशी गुलाबी तेरा पिल्लं, एकमेकांवर चढून दूध ओढताहेत. खाली ग्रेगनं लिहिलं होतं, 'आजीला सांग, मम्मी ठणठणीत आहे.'

मला ती ओळ तुझ्या ताईनं तीनदा वाचून दाखवली.

आता स्वराली, ही गोष्ट अन् तो फोटो दोन्ही काशीनाथकाकांच्या मोबाइलवर पाठव. सांग, यंदाच्या जयंतीच्या पत्रिकेत हिचं नाव घाला, अन् नावापुढं 'डुकरांची डॉक्टर' असं पूर्ण छापा. स्टेजवर म्हणायला जीभ अडखळत असेल तर माईक आजीकडे द्या म्हणावं.